मंद हीटर, धूसर काच : जुन्या पिकअपच्या निमित्ताने कार्यकारणाचा विचार

स्मरणिका म्हटली की संस्थेची वाटचाल, गुरुजनांविषयीची कृतज्ञता आणि वसतिगृहातील दिवसांच्या आठवणी यांना अग्रस्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. तथापि आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या काही विद्यार्थ्यांचा, आणि आज ज्यांची मुले येथे शिकत आहेत अशा काही पालकांचा, संसार एका जुन्या पिकअपच्या चाकांवर उभा आहे. कोणी पहाटे गावोगावचे दूध गोळा करतो, कोणी काजू, बटाटे, रताळी घेऊन गडहिंग्लज वा बेळगावची बाजारपेठ गाठतो, कोणी भाजी भरून रात्रीच गोव्याकडे निघतो. ही वाहने बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती असतात. इंजिन, टायर आणि ब्रेक यांची काळजी मालक घेतो. केबिनमधील हीटर मात्र बिघडला तरी वर्षानुवर्षे तसाच राहतो. या उपेक्षित भागाकडे लक्ष वेधावे, त्याचे दुखणे कसे ओळखावे हे क्रमाने सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे हीटरची गरज काय?

नेसरीत बर्फ पडत नाही. पौष-माघातील पहाटेची थंडी बोचरी असली तरी एका स्वेटरने आणि कानाला बांधलेल्या मफलरने ती निभावते. त्यामुळे हीटर ही चैन आहे, अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु आपल्या मुलखात हीटरचे खरे काम अंग शेकण्याचे नाही. समोरची काच स्वच्छ ठेवणे हे त्याचे खरे काम आहे.

नेसरीहून कोकण-गोव्याकडे उतरायचे तर आजऱ्याकडून आंबोली घाटाने सावंतवाडी गाठावी लागते, नाही तर चंदगडकडून तिलारी घाटाने दोडामार्ग. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आषाढ-श्रावणात घाटावर धुके उतरले की पुढच्या वाहनाचा दिवाही दिसेनासा होतो. अशा वेळी केबिनमध्ये तीन माणसे, ओल्या छत्र्या, भिजलेली पोती आणि बंद काचा असतील, तर श्वासातील आणि कपड्यांतील बाष्प थंड काचेवर जमते. बाहेरचे धुके कमी की काय म्हणून आतल्या काचेवरही धुके धरते. चालक एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसत राहतो. वळणावरचा तो एक क्षण जिवावर बेतू शकतो.

यामागचे विज्ञान सरळ आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते; तीच हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यात सुमारे ५१ ग्रॅम मावू शकते. म्हणजे बाहेरची ओलीचिंब हवा हीटरमधून तापून आली की तिची तहान तिप्पट वाढते. ती काचेवरून वाहताना तेथील ओल शोषून घेते आणि काचही उबदार ठेवते. ज्या गाड्यांत एसी असतो, तेथे एसी हवेतील पाणी काढून घेतो. बिनएसीच्या जुन्या पिकअपमध्ये हे काम करणारा हीटरच असतो, आणि तोच मंद झालेला असतो.

उष्णता येते कोठून?

हीटर स्वतः काहीही जाळत नाही. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशाच्या आसपासच भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता सायलेन्सरमधून आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमधून बाहेर पडते. वॉटर पंप हे कूलंट इंजिनातून रेडिएटरकडे आणि पुन्हा इंजिनाकडे फिरवतो. इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद ठेवणारी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. बहुतेक गाड्यांत ती ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते.

याच गरम कूलंटचा एक फाटा दोन होस पाइपांमधून डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या लहानशा जाळीत जातो. तिला हीटर कॉइल म्हणतात. खरे तर तो एक छोटा रेडिएटरच होय. ब्लोअरचा पंखा तिच्यातून हवा ढकलतो. डॅशबोर्डवरची कळ फिरवली की केबलने जोडलेली एक झडप ही हवा कॉइलमधून वळवते. काही गाड्यांत त्याऐवजी कॉइलकडे जाणारा कूलंटचा नळ उघडतो. अर्थात गरम हवा मिळण्यासाठी पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात : इंजिन पुरेसे तापलेले असणे, कूलंट पुरेसे असणे, ते कॉइलमधून फिरणे, ब्लोअरने हवा देणे आणि झडप योग्य दिशेला वळणे. यांपैकी एकही गोष्ट उणी पडली तरी हीटर मंद होतो.

निदानाची रीत

गॅरेजमध्ये पुष्कळदा असे घडते की, 'हीटर चालत नाही' असे म्हणताच 'कॉइल बदला' असा सल्ला मिळतो. अनेक गाड्यांत कॉइल बदलण्यासाठी डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागतो. दोन दिवस गाडी उभी राहते, मजुरी जाते, आणि कधी कधी इतके करूनही हवा थंडच येते. कारण दोष कॉइलचा नव्हताच.

आपल्या विद्यार्थ्यांना चार आर्यसत्यांचा क्रम ठाऊक आहे : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्या कारणाचा निरोध शक्य आहे आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. हा क्रम निष्णात वैद्याच्या पद्धतीचा आहे. लक्षण, कारण, बरे होण्याची शक्यता आणि मग उपचार. कारण शोधण्याआधी उपचाराला हात घालणे या क्रमात बसत नाही. केसपुत्त नगरातील कालामांना तथागतांनी केलेला उपदेशही येथे आठवावा. ऐकीव गोष्ट, रूढी किंवा सांगणाऱ्याचे मोठेपण यांवर न विसंबता स्वतः पारखून पाहावे, हे त्याचे सार. पुढे दिलेल्या परीक्षा त्याच वृत्तीने करावयाच्या आहेत. त्यांतील बहुतेकींना पैसा लागत नाही. डोळे, हात आणि थोडा धीर पुरतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो, त्यामुळे कूलंट सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल करताच तो दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते. इंजिन चालू असताना फॅन व बेल्टपासून हात, मफलर आणि सैल कपडे दूर ठेवावेत, हँडब्रेक ओढलेला असावा, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. सायलेन्सरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड वास न देता प्राण घेतो.

पहिली परीक्षा : तापमानाचा काटा

रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करून नेहमीच्या रस्त्याने १५ ते २० मिनिटे चालवावी. काटा मध्याच्या आसपास स्थिरावला तर इंजिन नीट तापते आहे. काटा खालीच रेंगाळत असेल तर संशय थर्मोस्टॅटवर जातो. तो उघडाच अडकला असेल, किंवा मुळात जागेवर नसेल. 'गाडी गरम होते' या तक्रारीवर थर्मोस्टॅट काढून टाकण्याची खोड आपल्याकडे सर्रास आढळते. त्याने तक्रार काही काळ दबते, पण इंजिन कायम थंड चालते, डिझेल जास्त जाते, इंजिनाची झीज वाढते आणि हीटरला उष्णताच उरत नाही. गाडी का गरम होत होती, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

हे पारखण्याची सोपी युक्ती अशी. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या वरच्या होस पाइपाला अधूनमधून बेताने हात लावावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग अल्पावधीत एकदम तापतो. पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे असे समजावे. काढलेला थर्मोस्टॅट दोरीने पातेल्यातील पाण्यात टांगून, पाणी तापवून तपासता येतो. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे आणि गार होताच मिटला पाहिजे.

येथे आपल्या घाटरस्त्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. चढावर इंजिन राबते, उष्णता भरपूर असते आणि हीटर जोरात चालतो. उतारावर गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, तेव्हा इंजिनात डिझेल जवळजवळ जळतच नाही. आंबोली चढेपर्यंत ठीक असलेला हीटर सावंतवाडीच्या बाजूला उतरताना थोडा मंदावला, तर तो दोष नव्हे. तो अगदीच थंड पडला तर मात्र थर्मोस्टॅट तपासावा. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा मोह तर कोणत्याही कारणाने करू नये.

दुसरी परीक्षा : कूलंटची पातळी

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे का ते पाहावे. केवळ बाजूच्या बाटलीवर भरवसा ठेवू नये. झाकणाचा रबर निकामी झाला असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असेही घडते.

अनेक गाड्यांत हीटर कॉइल उंचावर असते. कूलंट कमी झाले की वरच्या भागात आधी हवा शिरते. त्यामुळे इंजिनाचा काटा अजून वर चढलेला नसतानाच हीटर थंड पडू शकतो. याची एक खूण आहे : गाडी उभी असताना हवा गार येते आणि ॲक्सिलरेटर दाबताच ती गरम होते. ही खूण ज्याने ओळखली त्याने एक मोठा खर्च टाळला असे समजावे. कूलंट असेच घटत राहिले तर पुढची पायरी इंजिन तापण्याची, त्यापुढची हेड गॅस्केट जाण्याची. मंद हीटर हा या आजाराचा पहिला निरोप्या आहे.

पातळी कमी असेल तर केवळ भरून समाधान मानू नये. ते कूलंट गेले कोठे हे शोधावे. होस पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र यांपाशी ओल वा वाळलेले रंगीत डाग दिसतात का ते पाहावे. केबिनमध्ये पायाखालची मॅट ओलसर लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट थर चढत असेल, तर कॉइल स्वतःच गळते आहे. बाहेर कोठेही गळती नाही, पण सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येते, इंजिन ऑइल दुधाळ झाले आहे किंवा रेडिएटरमध्ये थांबता थांबत नाहीत असे बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केटचा संशय धरून गाडी पुढे न नेता जाणत्या मिस्त्रीला दाखवावी.

कूलंट भरल्यावर आत हवा अडकून राहू शकते. ती काढण्यासाठी थंड गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करावी, झाकण काढावे, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवावी आणि इंजिन सुरू करावे. बुडबुडे येऊन पातळी खाली जाईल तसे कूलंट घालत राहावे; चेहरा लांब ठेवावा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी पुन्हा एकदा खाली जाते. तेव्हा भरून, ते उसळू लागण्यापूर्वीच, झाकण घट्ट लावावे. ही एकच परीक्षा अशी आहे की तिच्यात इंजिन तापत असताना झाकण उघडे असते. म्हणून ती पहिल्यांदा जाणकाराच्या देखरेखीखाली करणे बरे.

तिसरी परीक्षा : दोन होस पाइप

बॉनेट उघडले की इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यातून आत जाणारे दोन सारख्या जाडीचे पाइप दिसतात. ते हीटरचे. गाडी तापल्यावर कळ गरमवर ठेवावी आणि इंजिन बंद करून लगेच दोन्ही पाइपांना कापड गुंडाळलेल्या बोटांनी बेताने स्पर्श करावा.

दोन्ही चांगले गरम असतील तर कूलंट कॉइलमधून फिरत आहे. दोष हवेच्या बाजूला आहे. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कॉइल चोंदली आहे किंवा तिचा नळ बंद आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा वॉटर पंप दुबळा झाला आहे. एका मिनिटाच्या या स्पर्शाने निम्म्या शंका गळून पडतात.

जुनी गाडी विकत घेताना हे पाइप डोळ्यांनीही पाहावेत. कॉइल गळू लागली की काही जण ती न बदलता दोन्ही पाइप बाहेरच एकमेकांना जोडून टाकतात. गळती थांबते, हीटर कायमचा बंद होतो, आणि पुढच्या मालकाला ते कोणी सांगत नाही.

चौथी परीक्षा : हवेची बाजू

ब्लोअर चारपैकी केवळ शेवटच्याच वेगावर चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. तो स्वतंत्र मिळतो, मोटर बदलावी लागत नाही. सर्वच वेगांवर झोत क्षीण असेल तर हवा आत घेण्याच्या जागी पालापाचोळा, धूळ किंवा उंदराचे घर आहे का ते पाहावे. शेताच्या बांधावर वा गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडते. डॅशबोर्डवरची कळ हाताला सैल लागत असेल, तर आतली केबल निसटली आहे. झडप थंडाच्या बाजूलाच पडून राहते. पक्कड आणि एक क्लिप एवढ्यावर हा दोष निघतो, आणि याच दोषापायी कित्येक चांगल्या कॉइली बदलल्या जातात.

चोंदलेली कॉइल आणि कूलंटचा प्रश्न

कॉइल चोंदते ती बहुधा साध्या पाण्यामुळे. वाटेत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतले जाते; त्यातील क्षार आणि इंजिनाचा गंज कॉइलच्या बारीक नळ्यांत साचतो. आरंभीच्या अवस्थेत ती धुता येते. गार इंजिनावर दोन्ही पाइप सोडवून, कूलंट ज्या बाजूने बाहेर येते त्या बाजूने मंद धारेने स्वच्छ पाणी सोडावे, म्हणजे साचलेला गाळ उलट मार्गाने निघतो. धुण्याच्या सेंटरचा जोराचा फवारा येथे मारू नये. जुन्या कॉइलचे सांधे उसवतात.

त्यानंतर साधे पाणी न भरता, वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच भरावे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. महार रेजिमेंटची पहिली पलटणही १९४१ साली तेथेच उभी राहिली. या परिसरातून सैन्यात जाऊन लडाखसारख्या प्रदेशात सेवा केलेल्यांना कूलंटचे महत्त्व सांगावे लागत नाही. निम्मे ग्लायकॉल व निम्मे शुद्ध पाणी यांचे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे गोठण्याचे भय नाही, पण गंज रोखणे आणि उत्कलनबिंदू वाढवणे ही त्याची इतर दोन कामे येथेही तितकीच मोलाची आहेत.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल हे विष आहे आणि त्याची चव गोड असते. गॅरेजच्या दारात किंवा गटारात ओतलेले जुने कूलंट कुत्री, मांजरे, वासरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन तडफडून मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. जुने कूलंट झाकणबंद डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असे साठवून वर्कशॉपच्या स्वाधीन करावे. प्राणिमात्रांची हिंसा न करण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो; ते पाळण्याचे हे एक अगदी साधे ठिकाण आहे.

घाटात असतानाच काच धूसर झाली तर

दुरुस्ती होईपर्यंत प्रवास थांबत नाही, म्हणून काही उपाय ध्यानी ठेवावेत. आतली हवा आतच फिरवणारी कळ बंद करून बाहेरची हवा घ्यावी. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली कराव्यात. ओली पोती, छत्र्या, रेनकोट शक्य तो मागे हौद्यात ठेवावेत. काच आतून आठवड्यातून एकदा स्वच्छ धुवावी. मळकट काचेवर बाष्प लवकर धरते. धूसरपणा वायपरने जात असेल तर बाष्प बाहेरच्या बाजूला आहे. तेथे हीटरचा दोष नाही. आणि एवढे करूनही दिसेनासे झाले, तर रस्त्याबाहेर सुरक्षित जागा पाहून, दिवे लुकलुकत ठेवून थांबावे. माल अर्धा तास उशिरा पोहोचल्याने होणारे नुकसान भरून निघते. ऊब मिळावी म्हणून केबिनमध्ये कोळशाची शेगडी मात्र कधीही पेटवू नये.

समारोप

बाबासाहेबांनी प्रज्ञा, शील आणि करुणा यांचा पुनःपुन्हा आग्रह धरला. प्रज्ञा ही ग्रंथांपुरती राहू नये, ती हाताच्या कामात उतरावी, हीच निवासी शिक्षणाची अपेक्षा असते. एका मंद हीटरपाशी थांबून 'हे असल्यामुळे ते होते, हे नसल्यामुळे ते होत नाही' असा विचार करणारा चालक तीच प्रज्ञा वापरत असतो. कॉइल ठीक असताना ती बदलण्यास न सांगणारा मिस्त्री शील पाळत असतो.

पावसाळ्याच्या आधी, वैशाख-ज्येष्ठात, एखाद्या निवांत सकाळी या चार परीक्षा कराव्यात. थंड गाडी, उघडे बॉनेट आणि शाळेला सुट्टी लागलेला मुलगा किंवा मुलगी शेजारी असावी. काटा कोठे थांबतो, कोणता पाइप आधी तापतो, हे त्यांनाच सांगू द्यावे. आषाढात घाट उतरताना काच स्वच्छ राहील, आणि मुलांना कारण शोधण्याची सवय लागेल.